पुरात बुडालेला झेटर

मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचा भाव वजनावर ठरतो. तो किती एकर नांगरला, कुणाकुणाच्या वराती त्याच्या ट्रॉलीतून गेल्या, याला काट्यावर किंमत नसते. २०२३च्या जानेवारीत शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी भंगारवाला आला. त्याने शेडमधल्या झेटरभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाला लाथ घालून पाहिली आणि पन्नास हजार सांगितले. अण्णांच्या थोरल्या मुलाला हा भाव बरा वाटला. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. ते अब्बांना म्हणाले, "मेस्त्री, पंचवीस तुमचे, पंचवीस आमचे. मोकळं होऊया." अब्बांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "आधी इंजिन खोलून बघतो."

हा ट्रॅक्टर दोन घरांचा आहे. १९७७ साली माझ्या आजोबांनी आणि अण्णांनी मिळून तो घेतला. अण्णा जैन, चौदा एकराचे बागाईतदार. आजोबांची जमीन दोन एकर, पण हातात कसब. बँकेचं कर्ज जमीन तारण ठेवल्याशिवाय मिळत नव्हतं, म्हणून जमीन अण्णांची लागली आणि आरसी बुकावर नावही अण्णांचं आलं. हप्ते निम्मे-निम्मे. ज्या वर्षी आजोबांकडे पैसे नसत त्या वर्षी ते आणि अब्बा अण्णांचं शेत नांगरून, ऊस वाहून हप्ता फेडत. डिझेल ज्याचं त्याने घालायचं, दुरुस्ती आमच्या घराने करायची, सुट्ट्या भागांचा खर्च दोघांत. एवढ्या कराराचा कुठेही एक कागद नाही. आजोबा गेले, २०१८ साली अण्णाही गेले.

झेटर हे नाव आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असलं तरी बॉनेटवर एचएमटी लिहिलंय. हिंदुस्थान मशीन टूल्स. या सरकारी कंपनीने १९७१ साली हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, ती चेकोस्लोव्हाकियातल्या झेटर कंपनीच्या २५११ या मॉडेलवरून. मुळात झेटर म्हणजे बर्नो शहरातल्या झब्रोयोव्का या शस्त्रं बनवणाऱ्या कारखान्याचं अपत्य. त्यांच्या 'झेड' या अक्षराला ट्रॅक्टरमधला 'ओर' जोडला आणि झेटर झाला. याच कारखान्याच्या मशीनगनवरून इंग्रजांनी ब्रेनगन बनवली. ब्रेनमधला 'ब्र' बर्नोचा आणि 'एन' इंग्लंडमधल्या एनफिल्डचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्या कारखान्याने नांगर ओढणारं यंत्र काढलं, आणि त्याचा वंशज पंचगंगेच्या काळ्या रानात येऊन पोचला. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की मनगटावरचं घड्याळ एचएमटीचं आहे, ते बंद पडत नाही, तर ट्रॅक्टरही पडणार नाही. त्या काळी या तीन अक्षरांवर लोकांचा असा विश्वास होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतः निवडून तयार केलेल्या भाताच्या वाणाला एचएमटी नाव दिलं, तेही घड्याळावरूनच.

इंजिन दोन सिलिंडरचं, पंचवीस अश्वशक्तीचं. बोअर ९५ मिलिमीटर, स्ट्रोक ११०. आजच्या पन्नास-साठ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांपुढे हे खेळणं वाटेल. पण अब्बा मेस्त्री झाले ते या इंजिनावर. त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी चार वर्षं ऑइल इंजिनच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. म्हादबा मेस्त्रींसारख्या, फारसं न शिकलेल्या पण हातात जादू असलेल्या माणसांनी घडवलेलं ते उद्यमनगर. तिथे अब्बा पाना धरायला शिकले, आणि गावी येऊन या झेटरवर विचार करायला शिकले, असं ते स्वतः सांगतात.

ऑगस्ट २०१९चा पूर आमच्याकडचं शेंबडं पोरही विसरणार नाही. आम्ही होडीतून बाहेर पडलो तेव्हा शेडचं पत्र्याचं छप्पर तेवढं दिसत होतं. ट्रॅक्टर आठ दिवस पाण्याखाली होता. छावणीत लोक घराची, जनावरांची चिंता करत होते, तशी अब्बाही करत होते, पण मधेच भाऊंना म्हणायचे, "पाणी उतरलं की कुणाला स्टार्टर मारू देऊ नका." बुडालेलं इंजिन फिरवायचं नसतं. आत पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी तेल सोडायचं, नोझल काढून सिलिंडर रिकामे करायचे, डिझेल ओतायचं आणि मग हाताने हळूहळू फिरवायचं. हे पहिल्या दोन दिवसांत झालं तर इंजिन वाचतं. आम्हाला गावात परतायलाच उशीर झाला आणि परतल्यावर घराच्या भिंतींनी जो वेळ खाल्ला त्यात ट्रॅक्टरचा नंबर लागला नाही. इंजिन जाम झालं. मग २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं आणि शेडमध्ये चाकं बुडेपर्यंत चढलं. त्यानंतर कोंबड्या सीटवर बसू लागल्या.

फेब्रुवारीत काम सुरू झालं. अब्बांचं वय तेव्हा त्र्याहत्तर. दोन्ही कान जवळपास गेलेले, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी पुण्याहून दर शनिवार-रविवार यायचो आणि ते सांगतील ते करायचो. आमच्या घरात दखनी बोलतात, पण शेडमध्ये अब्बा मराठीत बोलतात, अगदी माझ्याशीसुद्धा. हत्यारांची भाषा त्यांना मराठीतच येते. "बिस्मिल्ला" म्हणून त्यांनी पहिला बोल्ट सोडवायला घेतला, तो सुटला नाही. दिवसभरात सहा बोल्ट सुटले आणि एक तुटला.

ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स हेच त्याचं शरीर. क्रँक काढायचा तर ट्रॅक्टर क्लचपाशी मधोमध तोडावा लागतो. पुढचा भाग लाकडी ओंडक्यांवर, मागचा जॅकवर. अर्धा ट्रॅक्टर पुढे ढकलला तेव्हा भाऊ बघायला आले होते. ते म्हणाले, "आता हा जोडला जात नाही बघा." अब्बांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

हेड उघडल्यावर कळलं की एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघड्या जागी थांबला होता. त्यात पाणी वरून शिरलं होतं. दुसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, त्यामुळे तिथे वरून काही आलं नाही. तो पिस्टन डिझेल आणि तेलाच्या मिश्रणात तीन आठवडे ठेवल्यावर लाकडी ठोकळ्याच्या ठोक्याने हलला. पहिला हलेचना. पण या इंजिनात लायनर 'ओले' असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं आणि तो ब्लॉकमध्ये घट्ट ठोकलेला नसतो. खालून बिग एंडची कॅप सोडली आणि पुलर लावून लायनर, त्यात अडकलेला पिस्टन आणि रॉड असं सगळं एकत्र वर ओढून काढलं. विहिरीतून भरलेली बादली काढावी तसं. कोरड्या लायनरचं इंजिन असतं तर तो पिस्टन फोडावा लागला असता. चेक लोकांनी हे असं का केलं असेल ते अब्बांनी एका वाक्यात सांगितलं, "शेतकऱ्याला घरी दुरुस्त करता यावं म्हणून."

लायनर पाहिला तर सेहेचाळीस वर्षांचा हिशेब त्यात होता. झीज सगळीकडे सारखी नसते. वरची रिंग जिथपर्यंत जाऊन माघारी फिरते तिथे सगळ्यात जास्त, कारण तिथे ज्वाला आणि दाब सगळ्यात जास्त, आणि तेल सगळ्यात कमी. त्याच्या वरचा न झिजलेला भाग तसाच राहतो, त्यामुळे एक पायरी तयार होते. अब्बांनी माझं नख त्या पायरीवर फिरवलं. म्हणाले, "हे पुराने नाही केलं. हे आपण केलं. उसाने केलं."

पुराने केलं होतं ते वेगळंच. खरी लढाई गंजाशी नव्हती, गाळाशी होती. आमच्याकडचा पुराचा गाळ मऊ, काळा, लोण्यासारखा. सुकला की मातीच्या भांड्यासारखा कडक. तेलाच्या प्रत्येक वाटेत तो जाऊन बसला होता. इंजिनात तेल पंपाकडून ब्लॉकमधल्या बारीक नळ्यांतून मेन बेअरिंगला जातं, तिथून क्रँकमध्ये तिरक्या पाडलेल्या भोकांतून बिग एंडला. या वाटांत चिमूटभर गाळ राहिला तर नवी बेअरिंगं घालून काही उपयोग नाही. तेलाचा दाब चढला की तो गाळ सुटतो आणि पहिल्या दहा मिनिटांत बेअरिंगचा मऊ धातू खाऊन टाकतो. मेस्त्री मग म्हणतो, बेअरिंग डुप्लिकेट होतं.

यावर अब्बांनी दोन महिने घालवले. बाटल्या धुण्याचे ब्रश, सायकलच्या ब्रेकची तार, डिझेल, कंप्रेसरची हवा. वाटांच्या टोकांना बसवलेली बुचं काढली, तार एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढली, डिझेल सोडलं, ते पांढऱ्या फडक्यावर घेतलं. फडक्यावर काळं दिसलं की पुन्हा तेच. मी एका रविवारी म्हणालो, आता स्वच्छ आहे. अब्बांनी फडकं दुमडून अंगठ्याने चोळलं आणि बोट माझ्या पुढच्या दातांवर घासलं. कच्च वाजलं. डोळ्याला दिसत नाही ते दाताला कळतं, हे त्यांनी मला न बोलता शिकवलं. तशाच दातांनी ते पुढे इंजिन ऐकणार होते, ते नंतर सांगतो.

क्रँक, हेड आणि नोझल-पंप कोल्हापूरला पाठवले. क्रँकच्या जर्नलवर गंजाचे खड्डे होते. आधी दहा नंबरवर घासायचं ठरलं, म्हणजे इंचाच्या दहा हजारांश, पाव मिलिमीटर कमी. एक खड्डा निघेना म्हणून वीस नंबर. तेवढ्याच जाडीची बेअरिंगं घ्यायची. पिंजोरचा कारखाना बंद करायला केंद्राने २०१६ साली मंजुरी दिली, पण भाग अजून मिळतात. पंजाबातले छोटे कारखाने लायनर, पिस्टन, रिंगा बनवतात. आमचा संच लुधियानाहून आला. कंपनी मेली तरी तिची यंत्रं रानात आहेत तोवर कुणीतरी त्यांचे भाग बनवत राहतं.

क्रँक जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार झाला. मी बुधवारी, ७ तारखेला, रजा काढून तो आणायचं ठरवलं होतं. त्या दिवशी कोल्हापुरात काय झालं ते वर्तमानपत्रांत आलंय. मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून आदल्या दिवशीच वातावरण तापलं होतं. ७ जूनला बंद, जमाव, दगडफेक, लाठीमार, आणि मग इंटरनेट बंद. मी पुण्यातून निघालोच नाही. फोनवर अम्मीने सांगितलं की अब्बा शेडमध्ये बसलेत आणि क्रँकचं विचारतायत. त्यांना बातमी नीट कळली होती. तरी ते क्रँकचंच विचारत होते.

शनिवारी गावाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. कुठून आला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाकडून माल घ्यावा, कुणाकडून गाड्या दुरुस्त करून घ्याव्यात आणि कुणाकडून घेऊ नयेत, अशा अर्थाचा. गावात गाड्या दुरुस्त करणारी तीन घरं आहेत, तिन्ही आमची. मेसेजखाली कुणी अंगठा दिला नाही. पण कुणी काही लिहिलंही नाही. मी बराच वेळ ती शांतता वाचत बसलो. भाऊंचं नावही त्या ग्रुपात होतं.

सोमवारी भाऊ मोटारसायकलवर कोल्हापूरला गेले आणि क्रँक घेऊन आले. गोणपाटात गुंडाळून, मागच्या सीटवर दोरीने बांधून. साठ वर्षांच्या माणसाने मोटारसायकलवर न्यायची ती वस्तू नव्हे. ते ग्रुपवर काही बोलले नाहीत, आमच्याकडेही त्याविषयी बोलले नाहीत. शेडमध्ये आले, क्रँक उतरवून घ्यायला हात मागितला आणि म्हणाले, "मेस्त्री, ग्राइंडिंगवाल्याने बिल दिलं नाही, नुसतं चिठ्ठीवर लिहून दिलंय. चालेल?" मला हे पुरेसं वाटलं नाही, हे इथे सांगायला हवं. मला वाटत होतं, त्यांनी ग्रुपवर एक ओळ लिहायला हवी होती. अब्बांना मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "उनो क्रँक लाया ना?" आणि चिठ्ठी वहीत ठेवली.

जोडणी खोलण्यापेक्षा सावकाश होते. लायनर ज्या सीटवर बसतो ती घासून चकचकीत केली. तिथे गंजाचा कण राहिला तर लायनर तिरका बसतो. लायनरचा काठ ब्लॉकच्या माथ्यावर किंचित वर राहिला पाहिजे, केसभर, म्हणजे हेड आवळल्यावर गॅस्केट नीट दाबलं जातं. खाली रबरी रिंगा साबणाच्या पाण्याने ओल्या करून बसवल्या; त्या पिळल्या गेल्या तर पाणी तेलात उतरतं आणि तेल दुधाळ होतं. पिस्टनच्या रिंगा एकेक करून लायनरमध्ये सरकवल्या, पिस्टनने ढकलून सरळ केल्या आणि तोंडाची फट फीलर गेजने मोजली. फट नसेल तर रिंग तापून फुगते आणि तिची टोकं एकमेकांवर आदळून लायनर ओरबाडते. दोन रिंगा कानशीने घासाव्या लागल्या. अब्बांना गेजवरचे आकडे दिसत नव्हते. ते पाती बोटात धरून जाडी सांगायचे आणि मी वाचून बघायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

मेन बेअरिंगं आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहिला. तो फिरला पाहिजे, पण सोडल्यावर थांबला पाहिजे. अब्बांनी तो फिरवला, थांबवला, पुन्हा फिरवला. मग मला बाजूला व्हायला सांगून भाऊंना म्हणाले, "तुम्ही बघा." भाऊंनी फिरवला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. तरी त्यांनी बराच वेळ फिरवला.

त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, २९ जूनला. आमच्या गावात त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं बुजुर्गांनी ठरवलं. इतरही बऱ्याच गावांत तसंच ठरलं होतं. पाऊस लांबला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या. शनिवारी, १ जुलैला, इंजिन सुरू करायचं ठरलं. ट्रॅक्टर आदल्या आठवड्यात पुन्हा जोडला होता, भाऊंच्या मुलांनी ढकलून. फिल्टरपासून पंपापर्यंतची, मग नोझलच्या नळ्यांची हवा काढली. आधी डिझेल बंद ठेवून स्टार्टरवर नुसतं फिरवलं, तेलाचा काटा हलेपर्यंत. काटा हलायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात भाऊंनी दोनदा विचारलं, बॅटरी बसणार नाही ना.

मग डिझेल उघडलं. पांढरा धूर, एक ठोका, पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी एक सिलिंडर लागला आणि इंजिन लंगडत चालू झालं. नंतर दुसरा लागला. शेडभर धूर, कोंबड्या रस्त्यावर. अब्बांनी हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. मेस्त्री तो ब्लॉकवर टेकवून मूठ कानाला लावतात आणि आतला आवाज ऐकतात. अब्बांनी मूठ दातांत धरली. कानात ऐकायला काही उरलं नसलं तरी हाडातून आवाज जातो. मेन बेअरिंग, बिग एंड, टॅपेट, पंप, एकेका जागी टोक टेकवून डोळे मिटून उभे राहिले. मग स्क्रू ड्रायव्हर काढून म्हणाले, "दोन नंबरचा टॅपेट जरा ढिला आहे. बाकी ठीक."

एकूण खर्च त्रेचाळीस हजार दोनशे आला. भंगाराच्या भावाहून थोडा कमी. माझ्या एका मित्राने विचारलं की एवढ्या पैशांत त्या ट्रॅक्टरची किंमत काय वाढली. दीड लाख येतील का कुणी द्यायला? येणार नाहीत. पण त्या जुलैत त्याने दोन घरांच्या मिळून साडेसहा एकरांत सोयाबीन पेरलं आणि भाड्याच्या ट्रॅक्टरच्या रांगेत आम्हाला उभं राहावं लागलं नाही. हिशेब करायचा तर इथून करावा.

कागदाचं मात्र झालं नाही. मी अब्बांना म्हणालो की आता तरी भाऊंकडून निम्म्या हिश्श्याचं लिहून घ्या. अण्णा नाहीत, भाऊही साठीचे. उद्या त्यांची मुलं म्हणतील, आरसीवर आमच्या आजोबांचं नाव आहे. हवा कशी आहे तेही दिसतंय. अब्बा म्हणाले, शेहेचाळीस वर्षं लिहिलं नाही, आता लिहायला सांगितलं तर त्याचा अर्थ वेगळा होईल. मला हे पटत नाही. माझ्या मते कागद विश्वास कमी करत नाही, विश्वास ठेवणारी माणसं गेल्यावर तो उपयोगी पडतो. आमचं यावर दोनदा भांडण झालं. शेवटी अब्बांनी खर्चाची वही भाऊंपुढे ठेवली. निम्मे एकवीस हजार सहाशे भाऊंनी मोजून दिले, आणि अब्बांनी त्यांना रकमेसमोर सही करायला लावली. भाऊंनी सही केली आणि विचारलं, "तारीख घालू?" अब्बा म्हणाले, "घाला." वकील त्याला काय म्हणेल कुणास ठाऊक. वही माझ्याकडे आहे.

नव्या इंजिनाचं तेल पहिल्या पन्नास तासांनी बदलतात. आमच्या झेटरचं तास मोजायचं मीटर कित्येक वर्षांपूर्वी मेलंय, म्हणून ज्याने चालवला त्याने वहीत वेळ लिहायची असं ठरलं. ऑगस्टच्या शेवटी एकावन्न तास झाले. मी तेल एका स्वच्छ पाटीत सोडलं. अब्बांनी त्यात चुंबक फिरवला आणि तो फडक्यावर पुसला. मिशीच्या केसाएवढे दोन-तीन कण, नव्या रिंगा घासताना पडतात तसे. मग त्यांनी तेलात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि दातांवर घासलं. मी आणि भाऊ बघत उभे होतो. अब्बांनी थुंकून तोंड पुसलं आणि नव्या तेलाचा डबा उघडायला सांगितला.